धाकटीला कोणाच्या हवाली करू

मी, शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय कपड्यांना इस्त्री करणे, हे मृत्युपत्र माझ्या दुकानामागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांचे मत तितके चांगले नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणावा इतका कोणाला माझ्यात रस नाही. मसुदा वकिलांनी दिला, मधले बोलणे माझे आहे. त्याने कायद्याला बाध येत नाही असे ते म्हणाले, म्हणून राहू दिले.

एक. दुकानाचा गाळा, मागची खोली, दोन्ही टेबले आणि वाफेची इस्त्री मी शेजारच्या शिंपीणबाईंना देते. अट एकच. माझी धाकटी बहीण याच खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर राहील आणि तिला दोन वेळा जेवायला मिळेल. बाईंनी मला फसवले नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, जमेल तोवर करीन. पण माझे गुडघे आत्ताच बोलायला लागलेत आणि सुनेच्या मनात नाही. शब्द देऊन मोडण्यापेक्षा आधीच सांगते." हे येथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी त्यांना बोल लावू नये.

दोन. धाकटी इथे का राहते, हे सांगणे भाग आहे. आमची आई लोकांची धुणी धुवायची, वडील अंथरुणाला खिळलेले. मावशीला मूल नव्हते. तिने थोरलीला, म्हणजे मला, घेऊन जायचे असे ठरले होते. माझ्या मापाचा निळा झगा तिने शिवून आणला. ती आली त्याच दिवशी माझ्या अंगावर गोवर उठला. मावशीच्या नवऱ्याने दारातूनच नकाराची मान हलवली. आईने झग्याची कड आत दुमडून टाके घातले आणि तो धाकटीला चढवला. गाडीची वेळ झाली होती.

धाकटी शिकली, संगीताची शिक्षिका झाली, चांगल्या घरी पडली. मी आईच्या हाताखाली लागले आणि पुढे इस्त्री धरली. गिऱ्हाईक बायका हळहळायच्या, की तुझ्यासाठी वाढलेलं ताट तिच्यापुढे गेलं. मग धाकटीचा एकुलता मुलगा मित्रांबरोबर नदीवर पोहायला गेला तो परत आला नाही. नवऱ्याने दुसरा संसार थाटला. तिचे मन ठिकाणावर राहिले नाही, आणि ती एक ट्रंक घेऊन माझ्या दारात आली. त्याच बायका म्हणू लागल्या, की बरं झालं गं, तू वाचलीस. मी दोन्ही वेळा एवढेच म्हणाले, की देवाने जिला जिथे ठेवले तिथे ती राहिली. लोकांना यात मोठा धीर दिसला. धीर कसला! जर-तरच्या वाटेला लागले असते तर दिवसभरात एक शर्ट हातावेगळा झाला नसता.

एका दुपारी मी शाळेचा गणवेश दाबत होते. धाकटी पलंगावरून शांतपणे म्हणाली, "हे सगळं तुझं होतं. तो मुलगा, त्याचं जाणं, सगळं तुझ्या मापाचं. मला आत दुमडून बसवलं."

मी इस्त्री बंद केली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. "असेल," म्हणाले. तेव्हापासून मी देवाकडे काही मागत नाही. फक्त तिचे नाव घेते.

तीन. माझ्या भावाला काहीही देत नाही. डॉक्टरांनी फुप्फुसांचे सांगितले त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे गेले होते. त्याच्या घरात एक खोली रिकामी आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ती तुझ्या जागी गेली होती. तूच बघ." वहिनी कप पुसत होती, तिने मान वर केली नाही. पण मी निघाले तेव्हा ती माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. तिला माझी लोकरीची शाल द्यावी.

चार. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. विशेषतः, हिला संधी मिळाली असती तर, असे नको.

पाच. दोन आश्रमांत जाऊन आले. एकात स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. दुसऱ्यात जागा कोणी मेले तरच होते. म्हणून शिंपीणबाईंना जमेनासे होईल त्या दिवसापासून मी धाकटीला देवाच्या हवाली करते.

वकिलांनी चष्मा काढला. माणूस ही मालमत्ता नव्हे, आणि देवाच्या नावे जबाबदारी लिहिता येत नाही, त्याच्यावर नोटीस कुठे बजावणार, असे ते म्हणाले. हे कलम निरर्थक ठरेल. ठरू दे, मी म्हटले. माझ्याकडे दुसरे नाव नाही.

सहीआधी हे सर्व मी धाकटीला वाचून दाखवले. ती खिडकीकडे बघत होती, ऐकते आहे असे वाटले नव्हते.

"म्हणजे मी देवाकडे?" तिने विचारले.

"हो."

ती बोटे मोजल्यासारखी मिटत-उघडत राहिली. मग म्हणाली, "पण त्याला माहीत आहे का, मी धाकटी आहे ते?"

मी हो म्हणाले. मला ठाऊक नाही. कलम तसेच ठेवले आहे.

हे मी पूर्ण वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही करत आहे.

सही: थोरली, इस्त्रीवाली

साक्षीदार पहिला: उपचार करणारे डॉक्टर. सही करताना बाईंचा हात स्थिर होता.
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. माझ्यादेखत सही झाली. धाकट्या बाई हजर होत्या.

ठिकाण: दुकानामागची खोली, दार उघडे ठेवून
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच