चंद्रीसाठी हाळी

ती. आबा,

लेकीचा राजारामपुरीतून नमस्कार. डॉक्टरांनी तुम्हाला बोलू नका म्हटलंय, म्हणून फोन न करता लिहितेय.

कॉलेजात माझा ॲनिमेशनचा प्रकल्प मंजूर झाला! पडद्यावर आपली चंद्री म्हैस चालेल, दिवाळी पाडव्याला तुम्ही तिच्या केसांत कातरता ती नक्षी अंगावर घेऊन, आणि हाळी दिली की वळून बघेल. मी पोरगी असून तुम्ही माझ्या हातात कातर दिलीत, म्हणून हे सुचलं.

सरांसमोर मीच तुमच्यासारखी हाळी दिली. वर्ग हसला. सर म्हणाले, "वडिलांचीच रेकॉर्ड करून आण की."

आई वेळेवर जेवते ना?

घशाच्या ऑपरेशनआधी, डॉक्टरांना विचारून, एकदाच हाळी रेकॉर्ड करून पाठवा. नंतर आवाज कसाबी होऊ दे आबा, गोठ्यातली चंद्री वळंलच. मीबी.

तुमची,
संयोगिता