गवारीवरचं ताट

६ एप्रिल, रविवार

आज झालं ते असं—

१. सकाळच्या बसने घनसावंगीला, अण्णांकडे गेले.
२. त्यांना सांगितलं: कंपनी मला हैदराबादच्या बियाणे प्रयोगशाळेत पाठवते आहे, १ जूनपासून. हो की नाही ते ३० एप्रिलपर्यंत कळवायचं.
३. अण्णा म्हणाले, "जा की मंग."
४. मी विचारलं, जेवणाचं काय? म्हणाले, "व्हईल काहीतरी."
५. अण्णांना चहासुद्धा येत नाही. आई जाऊन दीड वर्ष झालं. भाकरी शेजारच्या सगुणाकाकू थापून देतात. भाज्या मी दर रविवारी जालन्याहून येऊन करते, त्या बुधवारपर्यंत पुरतात. पुढे दूध-भाकरी.
६. ठरलं: अण्णांनी एक भाजी शिकायची. जमली तर मी जाणार, नाही जमली तर नाही.
७. भाजी त्यांनीच निवडली. गवार. आई करायची तशी.

७ एप्रिल, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत कृती लिहून काढली. प्रयोगशाळेत लिहितो तशीच—कुणीही केली तरी निकाल तोच यायला हवा. गवार पाव किलो, शिरा काढून, हाताने मोडलेली. लसूण बारा पाकळ्या, हिरव्या मिरच्या सात, जिरं एक चमचा—खलबत्त्यात, जाडसर. तेल दोन पळ्या. काळा मसाला, कूट, मीठ. शेवटची पायरी: झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं.

आईला एकदा विचारलं होतं, मीठ किती? "भाजीला लागंल तेवढं." आणि मिरच्या? "घरात माणसं कशी हायेत त्याच्यावर!"

फोटो काढून अण्णांना पाठवला. लगेच फोन. "बाई, हे औषध हाय का भाजी?"

८ एप्रिल, मंगळवार

खोलीवर गवार केली. फोडणी झाली, गवार टाकली आणि हात आपोआप ताटाकडे गेला. खोलगट ताट कढईवर, ताटात तांब्याभर पाणी. आई असंच करायची. गवारीत पाणी घातलं की ती मिळमिळीत होते. ताटात ठेवलं की आतली वाफ थंड ताटाला लागून परत भाजीवर ठिबकते. ताट नसेल तर भाजी तळाला करपते.

कृतीत हे नाही. मी लिहिलंच नाही!

आत्ता फोन करता येईल. पावणेआठच वाजलेत.

९ एप्रिल, बुधवार

फोन केला. उन्हावर बोललो. ताटाचं सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

मी करून दाखवते म्हणाले, तर अण्णांनी हाताला धरून पाटावर बसवलं. "तू गेल्यावर कोण दाखवायला येणारे? बस तिथं. कागद हाय माझ्याजवळ."

चष्मा लावून कागद वाचत होते. मिरच्या मोजल्या—सात. लसूण कुटताना अर्ध्या पाकळ्या ओट्याखाली गेल्या. फोडणीचा ठसका असा उठला की पलीकडून सगुणाकाकू ओरडल्या, "पुंजारामभाऊ, गाव खाली करायचं का काय!"

मग त्यांनी नुसतं झाकण ठेवलं आणि घड्याळाकडे बघत बसले. मीही बघत होते. नवव्या मिनिटाला वास आला. मला माहीत होतं येणार. उठले नाही.

अण्णांनी झाकण काढलं. "कोळसा झाला की! बराबर तुझ्या कागदावानी केलं मी."

"पुढच्या वेळी जमेल," मी म्हणाले. कढई मीच घासली. बराच वेळ लागला.

१६ एप्रिल, बुधवार

अण्णांचा फोन. "आजबी करपली."

१९ एप्रिल, शनिवार

कामावर नमुन्यांचा ढीग. खरिपाचं बियाणं तपासून बाजारात जायचंय. दिवसभर उगवलेली रोपं मोजली. नीट उगवलेली एकीकडे, वेडीवाकडी दुसरीकडे.

जेवताना सोबत काम करणाऱ्या भावनाच्या डब्यात गवार होती. तिच्याकडे गूळ-खोबरं घालतात. गोड!

परभणीला वसतिगृहात असताना आई गवारीचा डबा एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची. आम्ही चौघी स्टँडवर जाऊन थांबायचो. डबा फडक्यात बांधलेला, फडक्याला तेलाचा डाग आणि सगळ्या गाडीला लसणाचा वास. कंडक्टर म्हणायचा, "घ्या बाई तुमची गवार, पॅसेंजर भाकरी मागून राह्यले." खोलीवर पोचेपर्यंत निम्मा डबा संपायचा. नाक-डोळे गळायचे, हात थांबायचे नाहीत. रिकाम्या डब्यात काही घालून परत पाठवावं हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नाही.

२० एप्रिल, रविवार

काम होतं, गावी गेले नाही. अण्णा फोनवर: "तिसऱ्यांदा करपली. माझ्या हातात न्हाईच ते, बाई."

मला बरं वाटलं. हे फक्त इथे लिहिते.

२४ एप्रिल, गुरुवार

नकाराचं पत्र तयार केलं. 'घरगुती कारणास्तव.' साहेबांना तोंडी सांगितलं, तर म्हणाले, "पुन्हा अशी जागा निघेलच असं नाही, आकांक्षा." मी म्हणाले, माहीत आहे.

पत्र अजून दिलेलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सगुणाकाकू डोळे तपासायला जालन्याला आल्या होत्या. दुपारी खोलीवर आल्या. बसल्या-बसल्याच पदराखालून डबा काढला.

"खा. आधी खा, मंग सांगते."

गवार. मिरची आईपेक्षा जास्त, कूट कमी. तुकडा अख्खा, पण बोटाने दाबला की मऊ. तळाचा एकही काळा डाग नाही.

"तुम्ही केली?"

"मी? माझी कुठली अशी! तुझ्या बापाची हाय."

मी म्हणाले, त्यांची तर दर वेळी करपते.

"कोण म्हणलं? एकदा करपली, तू आल्ती तव्हा. दुसऱ्या दिवशीच तुझ्या आईची आठवण काढून म्हणले, दैवशाला ताटात पाणी ठिवायची, पोरगी लिहायची विसरली वाटतं. तव्हापासून दर दोन दिवसाला करून राह्यले. मला वाटी देतेत. मी म्हणलं, भाऊ, पोरीला कळवा की, खूश व्हईल. तर म्हणले, नगं. जमली म्हणलं की ती जाईल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मी सांगितलं म्हणू नको. आणि तू काहून रडून राह्यली?"

मिरची जास्त झालीय, म्हणाले.

"झालीयच की," काकू म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

२७ एप्रिल, रविवार

आज गेले नाही. अण्णांना मोबाइलवर पाठवलं, ते जसंच्या तसं:

"अण्णा, ताटातल्या पाण्याचं मी कृतीत लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तरी मुद्दाम सांगितलं नाही. तुमच्या हातची गवार मी काल खाल्ली. आता आपण दोघं खरं बोलू. मला जायचं आहे. तुम्हाला चालेल का? मंगळवारपर्यंत, २९ तारखेपर्यंत कळवा."