तुझ्या पाठीवर बसलेले फटके

प्रिय शौनक,

आज वर्गात माणसातल्या रानटीपणावरची कादंबरी शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही अशा वागाल?" मी हसून "छे!" म्हटलं.

इथल्या बागबाजारात माझी पर्स ओढणाऱ्या माणसाला लोकांनी पकडलं, ती संध्याकाळ आठवली. तो खाली पडून हात जोडत होता, तरी मी चपलेनं मारत राहिले. तू त्याच्यावर आडवा पडलास. पुढचे फटके तुला बसले. "शकुन, पुरे," एवढंच म्हणालास.

नंतरही तू कधी रागावला नाहीस. मला तुझ्यासमोर उभं राहवेना, म्हणून ठरलेलं लग्न मी मोडलं. तुझ्या पाठीवरून एकदा हात फिरवावासा वाटतो.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू लगेच इथे कोलकात्याला येशील, आणि मला तेच हवंय.

तुझी नसलेली,
शकुन