टॅम्पाहून आलेली जिरागोळी

टॅम्पा, फ्लोरिडा
१७ ऑगस्ट २०२५

ती. श्यामलाताईस,
कमलाकरचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं ठीक आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की अनुराधा वाचते, म्हणून हा जुना मार्ग.

काम असं आहे. पाठीसाठी मी गेली दोन वर्षं एक गोळी घेतो. क्रॅटम नावाच्या झाडाच्या पानातला एक अंश वेगळा काढून, चांगला कडक करून ती बनवतात. इथे गॅस स्टेशनवर च्युइंग गमच्या शेजारी मिळायची. परवा आमच्या राज्याने एका फटक्यात तिच्यावर बंदी आणली. साधं पान चालेल म्हणे, पण हा कडक अंश जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा. दुसऱ्या काही राज्यांत अजून दुकानात मिळतो. म्हणजे सीमेच्या अलीकडे मी गुन्हेगार आणि पलीकडे गिऱ्हाईक! आहे की नाही गंमत?

तुमच्याजवळ स्लाऊला राहणारा आपल्या ओळखीचा श्रीनिवास ऑफिसच्या कामाला इथे आला होता, तो पुढच्या आठवड्यात परत निघतोय. त्याच्याबरोबर एक बरणी देतो आहे. वर ‘जिरागोळी’ असं लिहिलंय. ती उघडू नकोस, कुणाला सांगू नकोस, नुसती फडताळात ठेव. ऑक्टोबरात तुमच्याकडे दोन महिने राहायला येणारच आहे, तेव्हा लागेल.

भाऊजींना नमस्कार. शंका काढायच्या तेवढ्या काढ, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
कमलाकर

पिनर, लंडन
३ सप्टेंबर २०२५

चि. कमलाकर यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. बरणी त्याच्या चार दिवस आधीच येऊन बसली होती, शहाण्या! गणपतीचा तिसरा दिवस, घरात बारा माणसं. परगावाहून आलेला खाऊ आपल्याकडे आधी देवापुढे ठेवतात आणि मग सगळ्यांच्या हातावर देतात, हे अमेरिकेत राहून विसरलास वाटतं. मी बरणी बाप्पापुढे ठेवली, आरती झाली आणि मोदक जड होतात म्हणून गोळ्या वाटायला घेतल्या. पहिली आमच्या ह्यांनी तोंडात टाकली. कडूजहर लागली म्हणून अर्धी थुंकले. त्या अर्ध्या गोळीवर तासभर ओकत होते, आणि मग संध्याकाळपर्यंत हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. त्यांच्यामागे हात पुढे करून माझी नात तनू उभी होती. सहा वर्षांची आहे ती, कमलाकर.

आता मला सांग. पाठीचं साधं औषध, तर खोटं नाव कशाला? बायकोपासून लपवायचं कारण काय? डॉक्टरने दिलंय का? दिवसाला किती घेतोस? आणि श्रीनिवासला ठाऊक होतं का आत काय आहे ते? तो इथे वर्क व्हिसावर आहे. मी चौकशी केली, आमच्याकडे ब्रिटनमध्ये पानासकट हे सगळंच्या सगळं आणायला नऊ वर्षांपासून बंदी आहे. विमानतळावर त्याला बाजूला घेतलं असतं तर त्याच्या आईला मी कुठल्या तोंडाने फोन केला असता? मला तुझं काहीच खरं वाटेनासं झालंय.

बरणी फडताळात वरच्या खणात आहे. तू ये, मग बोलू.

रागावलेय, पण आशीर्वाद नेहमीइतकेच आहेत.

श्यामलाताई

टॅम्पा
१५ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं यांस,
अनुराधाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शेजारणीच्या पत्त्यावर नीट पोचलं. तुम्ही मला सरळ विचारलंत, बरं वाटलं. मागच्या वर्षी मी फोनवर रडत सांगत होते की तुमचा भाऊ बदलत चाललाय, तेव्हा तुम्ही म्हणालात की मी त्याला वेळेवर जेवायला घालत नसेन. ते माझ्या मनातून गेलेलं नाही. आज लिहून टाकलं, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

पाठ केव्हाच बरी झालीये. अर्ध्या गोळीपासून सुरुवात झाली, आता दिवसाला सात घेतो. एक चुकली की घाम, नाक गळणं, पाय झाडणं आणि माझ्यावर खेकसणं. बंदी आली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, मला जमलं नाही ते सरकारने केलं. त्याच शनिवारी हा लायब्ररीत जातो म्हणून गेला आणि गाडी चारशे मैल चालली. तेव्हापासून मी रोज गॅरेजमध्ये जाऊन मैल बघते. खिसे बघते, कचरा बघते. माझीच मला लाज वाटते हो, पण थांबवत नाही.

डॉक्टरांचं नाव काढलं की दार लावून घेतो. तुमच्याकडे बरणी आहे, म्हणून इतका खुशीत तिकिटं काढून बसलाय, हे आता कळलं. मला भीती एकच वाटते. तिकडे येऊन तो घेत राहील आणि एक दिवस झोपेतून उठणारच नाही.

चुकलंमाकलं पोटात घाला, आणि या वेळी माझ्या बाजूने राहा.

तुमची,
अनुराधा

पिनर
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अनुराधा हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मागच्या वर्षीचं बोलणं माझं चुकलं. मी दूधवाल्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, पण भावाचं नाव निघालं की माझी अक्कल कुठे जाते कोण जाणे. मला माफ कर.

आता ऐक आणि मनात ठेव. बरणी फडताळात नाही. त्याचं पत्र आलं त्याच दुपारी मी ती हाय स्ट्रीटवरच्या केमिस्टकडे नेऊन दिली. मिहीर म्हणून मुलगा आहे, इथेच जन्मलेला. त्याच्या मराठीत गोळी ‘तो’ असते, पण मुद्दा त्याने बरोबर सांगितला. हे अफूसारखंच काम करतं, जीव जाऊ शकतो, आणि इतकी सवय असलेल्याने एकदम तोडू नये, डॉक्टर हवाच. बरणी त्याने नष्ट करायला ठेवून घेतली. तेव्हा कमलाकरला मी लिहिलं ते धडधडीत खोटं होतं. फोनवरही दोनदा तेच सांगितलं. खरं कळलं तर तो विमानात बसायचा नाही. इथे आल्यावर थयथयाट करेल तो मी बघून घेईन. तू काही बोलू नकोस.

तुझ्याच बाजूने आहे. विसरू नकोस.

श्यामलाताई

टॅम्पा
७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरणी वरच्या खणात आहे, हे तू पत्रात एकदा आणि फोनवर दोनदा सांगितलंस. मी एकदाही विचारलं नव्हतं. कालच्या पोह्यांवर संशय घेणारी बाई तू, भाऊजींना ओकायला लावणारी बरणी घरात ठेवशील? अनुराधाला विचारलं, तर ती रडायलाच लागली. मग मला कळायचं ते कळलं.

दोन दिवस तुम्हा दोघींना मनात शिव्या घातल्या. मग डोक्यात आलं, की मला ती खरंच ठेवायची असती तर हाउन्सलोच्या नंदूकडे पाठवली असती. आपल्या आतेभावाने आयुष्यात कधी कुणाला काही विचारलेलं नाही. तरी मी पत्ता तुझा लिहिला. ठेवायला की टाकायला, देवाशप्पथ सांगता येत नाही. माझ्या हाताने टाकवत नव्हती एवढं खरं. तनूचं लिहिलंस त्यानंतर मात्र जेवण गोड लागलेलं नाही. श्रीनिवासला फोन करून सगळं सांगितलं. त्याने फोन आपटला, आणि बरोबरच केलं.

परवा अनुराधाबरोबर डॉक्टरांकडे गेलो. ते औषध देऊन हळूहळू उतरवणार आहेत. म्हणून येणं महिनाभर पुढे ढकललंय, आणि आता दोघंही येऊ.

हे सगळं मनापासून लिहितोय. तरीही आज सकाळी मी चार गोळ्या करड्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवल्या आहेत. डाव्या बाजूला, खिशाच्या खाली. अनुराधाला तोंडाने सांगायला धीर होत नाही. पत्र पोचलं की तिला फोन कर आणि ते अस्तर उसवायला सांग. मी काहीतरी कारण काढेन, ओरडेन, कोट हातातून ओढून घेईन. तरी उसवू दे. आता लगेच जाऊन पत्र पेटीत टाकतो, म्हणजे मला ते परत घेता येणार नाही.

माया असू दे. विश्वास इतक्यात नको.

तुझा,
कमलाकर