ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हे

मी, वय सत्तावीस, वडिलांच्या गॅरेजात वाढलेली आणि जॅक-पंप दुरुस्त करून पोट भरणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. भीती वाटते, पण भीती म्हणजे वेड नव्हे. गुरुवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ ऑपरेशन आहे. किरकोळ कामातच माणसं गाफील राहतात, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे.

१. बँकेत जे असेल ते वडिलांचं.

२. पान्यांचा संच मामेबहिणीला. त्यातला दहाचा पाना दादाकडे आहे. तो नाही म्हणेल. त्याच्या पेटीचा खालचा कप्पा बघावा.

३. मोठा ट्रॉली जॅक माझा आहे, कारण दादाने तो भंगारात काढला आणि मी भंगारवाल्याकडून परत आणला. नीट वागवला तर तो आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जगेल. वर्षातून एकदा जॅक पूर्ण खाली बसवून जुनं तेल काढावं आणि हायड्रॉलिक तेलच भरावं, तेही काठोकाठ नव्हे. मग व्हॉल्व्ह सैल ठेवून दहा-पंधरा वेळा दांडा मारावा, म्हणजे आत कोंडलेली हवा निघते. गाडी उचलली की स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नये. हे मला वडिलांनी अक्षरओळखीच्या आधी शिकवलं.

४. तीन वर्षांपूर्वी गाडी याच जॅकवर असताना तो खचला आणि वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दादाने सगळ्यांदेखत सांगितलं, "व्हॉल्व्ह हिनेच सैल ठेवला." वडील म्हणाले, "पोरीच्या हातात हत्यार दिलं, चूक माझीच." तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे साधा पेचकससुद्धा मागितलेला नाही. महिनाभर मलाही वाटत होतं की माझंच चुकलं असेल. मग मी जॅक उघडला. आतलं रबरी सील फुगून लोण्यासारखं झालं होतं आणि तेलाला ब्रेक ऑइलचा वास येत होता. तेल कमी दिसलं म्हणून दादाने हाताशी आलेली बाटली ओतली होती. विचारलं तर म्हणाला, "नावातच ऑइल आहे ना? तेल ते तेल." ते नावापुरतंच ऑइल आहे, जॅकचं रबर ते खातं.

तेल कमी आहे हे मला आदल्या दिवशी दिसलं होतं आणि मी ते उद्यावर ढकललं. तेवढा वाटा माझा. स्टँड न लावण्याचा वाटा वडिलांचा. उरलेला सगळा दादाचा.

आईने मला शपथ घातली, "तू जिवंत असेपर्यंत हे बाबांच्या कानावर घालायचं नाही. त्याचा संसार आहे." मी शब्द पाळला. शब्द जिवंत असेपर्यंतचाच होता, म्हणून हे मृत्युपत्र.

५. जॅक दादाला मिळेल, पण एका अटीवर. गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर, पाटीएवढ्याच अक्षरांत त्याने स्वतःच्या हाताने रंगवावं: जॅकमध्ये ब्रेक ऑइल मी ओतलं. दरवर्षी त्यावर रंगाचा नवा हात द्यावा. जमत नसेल तर जॅक समोरच्या गॅरेजवाल्याला, ज्याचं नाव काढलं की दादाचं पोट दुखतं. त्याने तो भर दुपारी, दादा दारात बसलेला असताना, रस्त्यावरून ढकलत न्यावा. चाकांना मी मुद्दाम वंगण दिलेलं नाही. आवाज होईल.

६. मी गेल्यावर दादाने माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलू नयेत.

सहीआधीची जास्तीची नोंद: साक्षीसाठी मावशीला बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं मी तिला दोनदा सांगितलं. न वाचता मी कुरिअरवाल्यालाही सही देत नाही, असं म्हणून तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. पाचव्या कलमाला बाबा दारात होते. त्यांनी चौथं पुन्हा वाचायला लावलं.

"तीन वर्षं गप्प बसलीस?"

"आईची शपथ होती, बाबा."

"रंग आणायला त्याला आजच पाठव," बाबा म्हणाले. "तुझ्या मरणाची वाट कोण बघतंय?"

शपथ मोडली की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कलमं मात्र एकही रद्द करत नाही.

ठिकाण: गॅरेजमागची खोली
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार
सही: लिहिणारी
साक्षीदार पहिली: मावशी, परिचारिका
साक्षीदार दुसरे: शेजारचे लेथवाले काका

याखालची वेडीवाकडी सही वडिलांची आहे, डाव्या हाताने केलेली. पहिल्या कलमात त्यांना मिळकत जात असल्याने ती साक्ष म्हणून धरू नये. ती त्यांनी माझ्याकडे पेन मागून घेऊन केली आहे.