सगळं लावून घे

मलकापूर,
९ एप्रिल २०२५

प्रिय अख्तरी,

सलाम. ईद होऊन नऊ दिवस झाले, शुभेच्छा उशिराच पोचतील. तुझा फोन लागत नाही. लागला तर तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. पोस्टातल्या मुलीनं पाकीट चाचपून विचारलं, "काकू, राखी हाय का आतमधी?" कागद आहे म्हटलं, तर तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

इकडे सगळं ठीक. ह्यांचे गुडघे दुखतात, पण फिरणं चालू आहे. सफाची बारावी कशी गेली ते कळव. लेक हुशार आहे तुझी.

पाळणाघर एक तारखेपासून पुन्हा सुरू केलं. दहा महिने बंद होतं. आता सात मुलं येतात, सगळ्यात लहान आठ महिन्यांचं. सहा महिन्यांच्या आतलं मूल उन्हाळ्यात घ्यायचंच नाही असं ठरवलं आहे. तयारी मी मार्चमध्येच केली. गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. मुलांची खोली रस्त्याकडून मागे, निंबाच्या बाजूला नेली. कूलरला नवं गवत घातलं. त्याच्या समोरच्या खिडकीला सुताराकडून लाकडी ठोकळा मारून घेतला, त्यामुळे ती आता वीतभर उघडीच राहते, मिटतच नाही. ओली हवा बाहेर पडली नाही तर खोली नुसती दमट होते, मुलांचा घाम सुकत नाही आणि कूलर असून नसल्यासारखा. हे मी प्रत्येक आईला पहिल्याच दिवशी उभं करून समजावते.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात. भिंतीवर थर्मामीटर टांगला आहे. दर अर्ध्या तासाला पाणी, मागितलं नाही तरी. दहा ते पाच अंगण बंद. लोखंडी घसरगुंडीला गोणपाट बांधलं. परवा दुपारी तिला हात लावून पाहिला आणि हात लगेच मागे घेतला. झोळी काढून टाकली. तिच्यात मूल चारी बाजूंनी कापडात गुंडाळलं जातं, हवा लागत नाही. आता सगळी चटईवर झोपतात.

कुणी किती वेळा शू केली त्याच्या पाटीवर रेघा मारते. दुपारभरात रेघ पडली नाही तर पाणी कमी पडतंय, आईला फोन. शेजारचे दयारामजी नातवाला सोडायला येतात. पाटी पाहून म्हणाले, "बाई, माह्यं बी नाव लिहा. घरी माह्याकडे एवढं ध्यान कोनी देत नाही."

आता मुद्दा. सात मुलं आणि मी एकटी, हे मे महिन्यात जमणार नाही. पहिल्यासारखी कामाला तू ये.

मयुरीही तिच्या अन्वीला मेपासून पाठवते म्हणाली. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर तिनं पुन्हा विचारावं ही मोठी गोष्ट आहे. तिची एकच अट आहे, ती तुझ्या लक्षात आलीच असेल. म्हणून काही दिवस तू स्वयंपाकघर सांभाळ. वरण-भात, ताक, दूध उकळणं. मुलांच्या खोलीत मी असेन. दोन महिन्यांत माणसं विसरतात.

त्या दिवशी मी जानेफळला लग्नात होते. बँड वाजत होता, फोनवर तुझं निम्मं ऐकू येत नव्हतं. शब्दाचा घोळ झाला. आपण कूलर लावतो म्हणजे चालू करतो, आणि खिडकी लावतो म्हणजे बंद करतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ. भाषेचाच दोष समज. अन्वी दुसऱ्या दिवशी सलाइन काढून घरी गेली, हे महत्त्वाचं.

कधी येतेस ते कळव. रोहिणखेडहून मोताळ्याला आलीस की तिथून सकाळची गाडी आहे.

तुझी
जयमालाताई

*

रोहिणखेड,
१७ एप्रिल

जयमालाबाई,

सलाम. तुमचं पत्र भेटलं. मीच वाचलं. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली मी, तुमी इसरल्या असान.

आमी बरे आहो. सफाले पेपर चांगले गेले. माह्या भावानं, निजामभाईनं, त्याच्या घरातली एक खोली देली, तिथं शिलाई करून राह्यली.

लेकरू माह्यापाशी कोनी ठेवत नाही. मलकापूरची गोष्ट माह्या आधी इथं पोहोचली. परवा शेजारीन तिची पोरगी माह्या ओट्यावर बसवून पानी भराले गेली, तं तिची सासू घरातून ओरडली, "अवो, खिडकीवालीपाशी काऊन बसवली तिले!" हासून बोलली. मी बी हासली.

तुमी ठोकळा मारला ते बरं केलं. झोळी काढली ते बी बरं केलं. दोन साल मी सांगत होती, ताई, झोळीत लेकरू उबते. तवा तुमी म्हनत, तुले काय समजते अख्तरी.

पन घोळ शब्दाचा नव्हता.

मी फोन केला तवा सांगतलं, ताई, वावटळ सुटली, खिडकीतून सारी धूळ आत येऊन राह्यली, काय करू. तुमी म्हनलं, सगळं लावून घे. मी म्हनलं, खिडक्या लावल्या तं लेकराईले गरम होईन. तुमी म्हनलं, कूलर चालू हाय ना? लाव मुकाट्यानं. आता तुमीच सांगा. कूलर तं चालूच होता. मंग लावाचं काय राह्यलं होतं?

अडीच तास लावून ठेवलं. अन्वी झोपली असं मले वाटलं. उचलली तं अंग तव्यासारखं, डोये उघडे ना. मीच तिले घेऊन दवाखान्यात पयाली, बाकीची लेकरं दयारामजीच्या ओसरीत टाकून.

संध्याकाळी तुमी दवाखान्यात आल्या. मयुरीनं सगळ्याईच्या समोर इचारलं, खिडक्या कोनी लावल्या. मी तुमच्याकडे पाह्यलं. तुमी म्हनलं, मी घरी नव्हते.

सफा मले सारखी इचारते, अम्मी, तू काऊन नाही बोलली? मी तुमची वाट पाहून राह्यली होती. तुमी मोठ्या. मले वाटलं, आता बोलसान, मंग बोलसान.

तुमचे नियम सारे वाचले. एक नाही दिसला. घरी नसलेल्या मानसानं फोनवरून हुकूम द्याचा का नाही, ते लिहाचं राह्यलं वाटते.

स्वयंपाक मी माह्या घरी करते.

अख्तरी

*

मलकापूर,
२८ एप्रिल २०२५

प्रिय अख्तरी,

सलाम. सफाचे पेपर चांगले गेले हे वाचून बरं वाटलं.

तुझ्या पत्राला मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं. दोन्ही उत्तरांत मी बरोबर होते.

आता जे आहे ते लिहिते. बँड वाजत नव्हता. पंगती बसल्या होत्या, मी वाढत होते. तुझं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. 'गरम होईन' हेही ऐकू आलं. मी खिडक्याच म्हणाले होते. कूलर माझ्या मनातही नव्हता. त्या एका शब्दाचे दोन अर्थ मला नंतर सापडले, परतीच्या गाडीत, चिखलीच्या आसपास. मलकापूर येईपर्यंत मी त्यावर विश्वास ठेवायला लागले होते.

मुलांच्या डोळ्यांत धूळ जाईल म्हणून सांगितलं, असंही मी वर्षभर स्वतःला म्हणत आले. तेही खरं नाही. खोलीत नव्या गाद्या आणि पांढऱ्या चादरी आदल्याच दिवशी घातल्या होत्या. मला त्या दिसल्या. मुलं दिसली नाहीत.

दवाखान्यात मी तीन शब्द बोलले. तिन्ही खरे होते. म्हणून ते इतके दिवस टिकले.

शनिवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, मी सगळ्या आईवडिलांना अंगणात बोलावलं. मयुरीलाही. चहा ठेवला नाही, बसा म्हटलं नाही. तू पत्रात लिहिलंस तसं, त्याच क्रमानं सांगितलं. तू विचारलंस, मी लाव म्हणाले. तू पुन्हा सांगितलंस, मी मुकाट्यानं लाव म्हणाले. मग दवाखान्यात 'मी घरी नव्हते' एवढंच म्हणाले.

मग बँकेतली सुचिता, तिची जुळी माझ्याकडे असतात, ती म्हणाली, "काकू, कशाला उकरून काढता आता? पोरगी बरी आहे ना. झालं गेलं."

मी म्हटलं, "रोहिणखेडला अख्तरीला खिडकीवाली म्हणतात."

सुचिता खाली पाहू लागली. मयुरीनं अन्वीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हणजे मी वर्षभर भलत्याच बाईला शिव्या दिल्या?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्यासमोर बसून ऐकल्या."

"हो."

"वर चहा पाजला मला."

मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हणणं सोपं गेलं असं तुला वाटेल, नाही गेलं. ती फाटकाबाहेर पडली. फाटक तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दयारामजी शेवटी निघाले. म्हणाले, "बाई, कोनी इचारत नव्हतं तरी सांगतलं तुमी. माह्या नातवाले मी आनीन. पन इथून पुढं लग्नाले गेल्या तं मले आधी सांगजा, मी त्या दिवशी त्याले घरीच ठेवीन." हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

आज सोमवार. चार मुलं आली. सुचितानं "बघते" म्हटलं होतं, ती आली नाही. आणखी एक मूल आलं नाही. चार तर चार. चार मुलं मी नीट सांभाळते.

आज पारा चव्वेचाळीसवर होता. तीनच्या सुमाराला वावटळ आली. मुलांना मधल्या खोलीत नेलं, तोंडं ओल्या फडक्यानं पुसली, पाणी दिलं, चौघांच्याही रेघा मोजून पाहिल्या. मागची खिडकी उघडीच ठेवली. चादरी मातीनं भरल्या. धुवून टाकल्या. अर्ध्या तासात वाळल्या.

तू विचारलेला नियम लिहिला. मुलांच्या खोलीत जो हजर असेल, त्या वेळेपुरता निर्णय त्याचा. बाहेरच्यानं फोनवर विचारपूस करावी, हुकूम देऊ नये. आणि कुणी दिलाच तर तो मोडण्याचा हक्क आतल्याला आहे. हे आता मोठ्या अक्षरांत खोलीच्या दारावर आहे. माझ्या हातून त्यात दोनदा खाडाखोड झाली, कारण पहिल्यांदा मी 'माझ्या परवानगीनं' असं लिहून बसले होते. सवय सुटायला वेळ लागतो.

स्वयंपाकघराचं मी लिहिलं, ते लिहायला नको होतं. तू आलीस तर मुलांची खोली तुझी. ताक मी घुसळेन. तुला मलकापूरला यायचं नसेल आणि रोहिणखेडलाच पाळणाघर काढायचं असेल, तर मला जेवढं येतं तेवढं तिथं येऊन करून देईन: गच्चीचा चुना, कूलर, खिडकी, सगळं. काय ठरवायचं ते तू ठरव. घाई करू नकोस.

काल मयुरीचा फोन आला होता. माझ्याशी बोलली नाही, फक्त तुझा पत्ता मागितला. मी दिला. येत्या रविवारी ती अन्वीला घेऊन तुझ्याकडे येणार आहे. ती काय म्हणेल मला माहीत नाही. ओट्यावर बसवायचं की आत घ्यायचं हे तुझ्या मनावर. मी बरोबर येणार नाही. तुमच्या दोघींच्या बोलण्यात पुन्हा माझा आवाज नको.

तू काहीही ठरवलंस तरी हे पत्र फाडू नकोस. शेजारणीच्या सासूला वाचून दाखव. सफाला दे, म्हणजे तिला रोज विचारावं लागणार नाही. उद्या कुणी तुझ्यापाशी मूल ठेवताना थबकलं, तर त्याच्या हातात ठेव. खिडक्या लावायला मी सांगितलं होतं, आणि विचारल्यावर मी ते लपवलं, हे यात माझ्या अक्षरात आहे. खाली सही केली आहे, पूर्ण नावानं, लोकांना ओळखू यावी अशी.

जयमाला भगवानराव नारखेडे
पाळणाघर, मलकापूर