दोन सुरांची हाक

केनवड
२१ नोव्हेंबर १९७६

ती. बेबीताईस,

इंद्रभानचा सप्रेम जयभीम. भाऊजींना जयभीम, गंगूला लाड.

गेल्या महिन्यातलं तुझं पत्र अहमदाबादला मिळालं. उत्तर इथं गावी येऊन लिहितो आहे. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, तूर फुलावर आली. मायचे गुडघे दुखतात, तरी वेचायला जातेच, कोणाचं ऐकत नाही. बाबा बरे आहेत.

मी अहमदाबादच्या संस्थेत नक्की काय करतो, असं तू विचारलंस. तिथं ध्वनिमुद्रणाची यंत्रं दुरुस्त करायला मला ठेवलं आहे. पण परदेशातून एक कपाटाएवढं यंत्र आलं आहे, नुसत्या वायरी आणि बटणं. त्यात हवा फुंकायची नाही, तार छेडायची नाही. विजेतून सूर निघतो, आपण बटण फिरवून त्याला जाडा, बारीक, थरथरता करायचा. संध्याकाळी काम सुटल्यावर संस्थेतले साहेब मला त्याच्यापुढे बसू देतात. निघालेले सूर मी टेपवर घेतो, पट्ट्या ब्लेडनं कापतो, जोडतो, आणि त्याचं गाणं करतो. शब्द नसलेलं.

ज्यांनी हे पहिल्यांदा केलं त्यांच्या रेकॉर्डी तिथं ऐकायला मिळतात. ती माणसं सगळी गवई नव्हती. कोणी रेडिओवर यंत्रं सांभाळणारे, कोणी गणित शिकलेल्या बाया. विजेची नुसती भुणभुण, तिला त्यांनी गायला लावलं. पहिली रेकॉर्ड संपली तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की हे वाद्य आपल्या कोणत्याच पूर्वजाला कोणाच्या दारात उभं राहून वाजवावं लागलेलं नाही.

बाबांना हे सांगितलं होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी सनई चुलीत घातली, ती त्यांची गोष्ट तुला माहीतच आहे. त्यांनी मला विचारलं, "कोनाच्या दारात वाजवा लागते का हे?" मी म्हटलं, नाही. त्यावर म्हणाले, "मंग वाजव."

हे मागच्या उन्हाळ्यातलं बोलणं. आता ते असं विचारू शकले नसते.

ताई, वर मी बाबा बरे आहेत असं लिहिलं. हिंडतात-फिरतात, पातळ खातात, एवढ्या अर्थानं ते खरं आहे. आषाढात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. पूर्ण गेला. गळ्याला भोक आहे, त्यावर माय ओला फडका बांधते.

तुला कळवलं नाही, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "बेबीले कळवू नको. रागात हाये तं राहू दे. कीव करून आली तं मले पाह्यवनार नाही. मी बलावीन तवा येईन ते." मालेगावच्या त्या लग्नात, शेतमालकाच्या दारात तू गात असताना भर मांडवातून तुला हाताला धरून त्यांनी नेलं, ते तू विसरली नाहीस. तेही विसरलेले नाहीत. तुमच्या दोघांच्या मध्ये मी काय बोलणार? त्यांचा शब्द पाळला.

या खेपेला सुट्टीत काम करता यावं म्हणून मी एक लहान खोका बनवून आणला. टॉर्चच्या सेलवर चालतो, जुन्या ट्रान्झिस्टरचा भोंगा आहे, सूर चढवायला-उतरवायला एक बटण. संस्थेतला टेपरेकॉर्डरही मागून आणला. बाबा आधी लांबूनच पाहत होते. मग एका दुपारी ओट्यावर येऊन बसले आणि बटणाला हात लावला. पहिल्या दिवशी नुसते भेसूर आवाज निघाले, कोंबड्या पळाल्या. बाबा हसले. हसण्याचाही आवाज येत नाही आता, खांदे हलतात फक्त. तेव्हापासून रोज जेवण झालं की बसतात.

परवा मी शेजारी वायर जोडत होतो. बाबांनी एक सूर वर नेला, धरून ठेवला, आणि मग दुसरा हळूच खाली सोडला. थांबले. पुन्हा तेच. मला वाटलं, सहज चाललं आहे. घरातून माय पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बेबीले हाक मारून राह्यले ना तुये बाबा."

मग मलाही ऐकू आलं. शेताच्या बांधावरून ते तुला अशीच हाक मारायचे. बेऽऽ वर, आणि बी खाली.

मी विचारलं, "ताईले बलावू काय?"

त्यांनी उत्तर म्हणून बटण फिरवलं. तेच दोन सूर.

ते मी टेपवर घेतले आहेत. त्यांच्याखाली मोठ्या यंत्राचा एक घुमारा जोडला आहे, अहमदाबादहून टेपवर आणलेला. काल बाबांना ऐकवलं. त्यांनी घुमारा कमी करायला हातानं खुणावलं. हाक त्यात बुडत होती. कमी केला. मला वाटतं, हे माझं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम झालं आहे. साहेबांना अजून ऐकवलेलं नाही. आधी तू ऐकावंस.

गाठ पुन्हा येऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. किती दिवस, ते कोणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

अकोल्याहून मालेगावची गाडी धर. कोणत्या दिवशी निघतेस ते कळव, मी स्टँडवर येतो. गंगूला आण, तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. घरात आल्यावर रडलीस तरी चालेल, भांडलीस तरी चालेल. त्यांना तोंडानं उत्तर देता येणार नाही, तेवढं लक्षात ठेव आणि थांबत थांबत बोल.

बाबांच्या सांगण्यावरून,
तुझा इंद्रभान